टॉप मॉडेलची अक्षरं

आपल्या कल्याणची चारचाकी दहा वर्षं जुनी आणि सगळ्यात खालच्या मॉडेलची. आता त्यात लाजायचं काय? जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कारकुनी करणाऱ्यानं आणखी काय घ्यावं? पण नाही, गड्याची हौस दांडगी! बाजारातून टॉप मॉडेलची चकचकीत अक्षरं आणली, डिकीवर चिकटवली अन् दिवाळीला गावी, केदारखेड्याला गेला.

थोरला भाऊ बद्रीनाथ हरखूनच गेला. शेती बघणारा सरळ माणूस. कुणाच्या तरी फोनवर त्या मॉडेलची माहिती काढली अन् गावभर सांगत सुटला, "आमच्या कल्याणची टॉपची हाय. मागं घेताना कुणी आडवं आलं की आपोआप वाजती!" कल्याण मिशीतल्या मिशीत हसला. तेव्हाच खरं बोलला असता तर काय जीभ झडली असती?

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर अंगणात घ्यायचा म्हणून बद्रीनाथनं गाडी मागं घेतली. मागं त्यांची माय, गोजरबाई, खाली बसून मिरच्यांचे देठ खुडत होती. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस, पण त्या दिवशी आवाजाच्या भरवशावर राहिला. मायच्या मांडीचं हाड मोडलं.

जालन्याच्या दवाखान्यात बद्रीनाथ लहान लेकरासारखा रडला. "गाडी तर वाजलीच असंल रे. मलाच ऐकू आलं न्हाई. कान गेले माझे."

कल्याणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बोलला नाही. उद्या सांगू, उद्या सांगू करत दहा दिवस काढले. बद्रीनाथनं तोवर ट्रॅक्टरला हात लावायचं सोडलं होतं.

एका सकाळी तोच म्हणाला, "कल्या, मला कानाच्या डॉक्टरला दाखव. उद्या कुणाचा जीव जायला नको माझ्या हातनं."

अन् हा बहाद्दर त्याला त्याच गाडीत बसवून घेऊन गेला!

डॉक्टरांनी बद्रीनाथच्या कानाला यंत्र लावलं. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. बद्रीनाथ डोळे मिटून बसला अन् दर आवाजाला बोट वर करत गेला. एकही चुकला नाही.

"कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले.

बद्रीनाथला आनंद झाला नाही. बाहेर येऊन तो बाकावर बसला. "मंग गाडी वाजली का न्हाई, कल्या?"

"न्हाई, दादा." कल्याणची मान वर होईना. "तिच्यात ते न्हाईच. मागची अक्षरं मी आणून चिकटवल्ती."

आता कानाखाली बसणार, असं त्याला वाटलं. बसली असती तर बरं झालं असतं. बद्रीनाथ नुसता उठला अन् पायात वहाणा सरकवल्या.

"दहा दिवस मायच्या डोळ्याला डोळा भिडवला न्हाई मी," तो म्हणाला. "तू कसा रे भिडवत होता?"