मास्टर चिमाजीची लेक

मार्गासनीत चुली पेटल्या, की चिमाजी वालगुडे हाताएवढा आरसा खांबाला टेकवून दाढीला बसे. दाढी तो दोनदा करी. एकदा सुलट, एकदा उलट. आठ-आठ दिवस न्हाव्याचं तोंड न पाहणाऱ्या गावाला त्याची मोठी मौज वाटे. "मास्तर, आता कुनाला दावायचं हाये?" असं कुणी जाता-जाता विचारी. चिमाजी हसून वस्तरा पुसत राही.

एके काळी त्या गुळगुळीत गालांना मोल होतं. वेल्ह्याच्या जत्रेत नाटकातली तारामती उभी करणारा हा शेतकऱ्याचा पोर पुण्याच्या एका चित्रपट कंपनीच्या नजरेत भरला, तेव्हा त्यानं नुकती विशी ओलांडली होती. चित्रपट मुके होते. घरंदाज बाई सोडाच, नाचून पोट भरणारी बाईही कॅमेऱ्यापुढे उभी राहायला तयार नव्हती. मग सीता व्हायची ती चिमाजीनं आणि दमयंतीही व्हायची ती चिमाजीनंच. १९१९ पासून सहा-सात वर्षं 'मास्टर चिमाजी' हे नाव जाहिरातींवर हातभर अक्षरांत झळकत होतं. सिनेमाच्या तंबूत बायका त्याची सीता बघून पदरानं डोळे पुसत.

मग एक दिवस मुंबईहून खरी बाई आली. चिमाजीचा शालू आणि चिमाजीचे खोटे दागिने घालून ती कॅमेऱ्यापुढे उभी राहिली आणि हा मागं एका खोक्यावर बसून तिच्या चुका मोजत राहिला. मान फार हलते. डोळ्यांत पाणी वेळेवर येत नाही. पण लोकांना तीच आवडली. चिमाजी तिचा भाऊ झाला, पुढं प्रधान झाला, त्याहीपुढं खलनायकाच्या मागं उभा राहणारा माणूस झाला. बोलपट आले तेव्हा त्याचा आवाज तपासला गेला. 'नाही' हा एक शब्द त्याला तीनदा म्हणायला लावला आणि तिन्ही वेळा 'न्हाई' असाच उमटला. आवाज टिपणाऱ्या यंत्रापाशी बसलेली माणसं हसली. त्या आठवड्यात तो मार्गासनीला परत आला.

घरी बायको ठकुबाई आणि एकुलती लेक बना. पोर बापाची नकलेची हातोटी जन्मतः घेऊन आली होती. नदीवरून धुणं घेऊन आली, की पाटलीणबाई पायातला काटा कसा काढतात आणि न्हावी बोलताना मान कुठं झुकवतो ते ती करून दाखवी. ठकुबाईला भाकरी थापता थापता ठसका लागे. चिमाजीही हसे. "हात एवढा वर न्यायचा न्हाई, बने. माणसाचा हात दमलेला असतो," असं तो शिकवी. त्या वेळी त्याला लेकीचा अभिमान वाटत होता, ह्यात शंका नाही.

१९३६ च्या माघात राजगडाच्या पायथ्याशी चित्रणाला एक कंपनी उतरली. दिग्दर्शक केशवराव हे पूर्वी चिमाजीच्या सीतेवर कॅमेरा रोखणारे मदतनीस. ते स्वतः मोटारीतून मार्गासनीला आले.

"मास्टर, एक काम आहे. फार मोठं नाही. म्हातारा धनगर, दोन वाक्यं. पण तुम्ही केलंत तर मला आनंद वाटेल."

चिमाजीनं त्या दिवशी दाढी तीनदा केली.

वाक्यं साधी होती. वाट चुकलेल्या शिलेदाराला धनगर सांगतो, "इकडं वाट नाही, सरकार. माझी मेंढरंसुद्धा परतली." चिमाजी कॅमेऱ्यापुढे आला आणि त्याच्या अंगात जुना मूकपट संचारला. भुवया चढल्या, हात आभाळाला भिडले. 'नाही' म्हणताना जीभ सांभाळायची म्हणून शब्द दगडासारखे एकेक पडू लागले.

"कमी करा, मास्टर. अगदी कमी," केशवराव म्हणाले. असं पाच वेळा झालं.

बना भाकरीचं फडकं घेऊन तिथंच उभी होती. सहाव्या वेळी बाप अडखळला, तसं तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "आबा, नुसतं सांगा की वो. हिकडं वाट न्हाई, सरकार. माझी मेंढरंबी परतली."

बोलताना तिनं डोंगराकडं पाहिलंदेखील नाही. पण सगळ्यांनी मान वळवून डोंगराकडं पाहिलं. यंत्रापाशी बसलेला माणूस म्हणाला, "असं पाहिजे."

चिमाजीच्या कानात ते दोन शब्द शिसं ओतावं तसे गेले. ज्या 'न्हाई'साठी त्याला घरी पाठवलं होतं, तेच 'न्हाई' आज त्यांना हवं होतं. फक्त त्याच्या तोंडचं नको होतं.

संध्याकाळी केशवराव ओसरीवर बसले. "आमच्या पुढच्या बोलपटात खेड्यातल्या मुलीचं काम आहे. बनाला चार महिने पुण्याला पाठवा. आई सोबत राहील. शाळेचीही सोय करतो."

ठकुबाई दाराआडून म्हणाली, "म्या जाईन की संगट."

"आमच्या घरातली पोरगी तोंडाला रंग लावनार न्हाई," चिमाजी म्हणाला. "आमाला अब्रू हाये."

पाहुणे गेल्यावर ठकुबाई पुढं आली. "तुमी लुगडं नेसून सात वरसं रंग लावला. तवा अब्रू कुठं गेली हुती?"

"बाप्याची गोष्ट येगळी."

"येगळी न्हाई. तुमच्या जागंवर ती हुबी ऱ्हायली, त्ये तुमाला बघवंना."

चिमाजीनं हातातला तांब्या अंगणात भिरकावला. खोटं बोलणाऱ्यावर माणूस एवढा संतापत नाही.

बाप लेकीवर जळतो, असं आपल्या समाजात कुणी बोलत नाही. बोललं तर कुणाला पटत नाही. म्हणून त्या जळण्याला चांगली वस्त्रं नेसवावी लागतात आणि ती आपल्या रूढींनी घडी घालून तयारच ठेवलेली असतात. चिमाजीनं पंधरा दिवसांत बनाचं लग्न ठरवलं. गावानं मान डोलावली. सिनेमावाल्यांची नजर पडलेली पोर, उजवून टाकलेली बरी! बनाला बारावं सरत होतं. नवरा कामथडीचा मानसिंग, चौतीस वर्षांचा, पहिली बायको वारलेला. जमीन बागायती, घर चांगलं. बालविवाहाविरुद्ध कायदा झाल्याचं केशवरावांनी पत्रातून कळवलं, तर चिमाजी म्हणाला, "त्यो पुन्याकडचा. हितं भोर संस्थानात कोन इचारतंय?" आणि खरोखरच कुणी विचारलं नाही.

ठकुबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जाऊबाया जमल्या, लग्नाच्या पुरणाला डाळ निवडायला बसल्या आणि तीही त्यांच्यात बसली. पुढं जन्मभर तिनं स्वतःला बोल लावला तो त्या डाळ निवडण्याचा.

लग्न वैशाखात लागलं. बनाला नेसवलेलं लुगडं इतकं मोठं होतं, की कमरेशी त्याचं बोचकं झालं होतं. गाडीत बसण्यापूर्वी ती बापाच्या पाया पडली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, त्ये वाक्य म्या मुद्दाम न्हाई बोलले. तुमाला घावंना म्हून बोलले. पुन्यांदा न्हाई बोलायची."

चिमाजी तोंड फिरवून बैलांच्या गळ्यातल्या सापत्या आवळू लागला. त्या गाडीवानानं आधीच आवळल्या होत्या.

दोन वर्षांत बना तीनदा माहेरी आली. दुसऱ्या खेपेपासून तिनं नकला सोडल्या. शेजारणी म्हणायच्या, "पोर शानी झाली." तिसऱ्या खेपेला ती गरोदर होती आणि चालताना एका हातानं भिंत धरीत होती. अजून चौदा पुरी झाली नव्हती.

बाळंतपणासाठी सासूनं तिला कामथडीलाच ठेवून घेतलं. ठकुबाई निरोप मिळताच गेली. तीन दिवस पोर अडली होती. सुईण म्हणाली, "हाडंच अजून उघडली न्हाईत हिची." चौथ्या दिवशी भर दुपारी, अंगणात पाखरं दाणे टिपत असताना, बना गेली. मूल तिच्या आधीच गेलं होतं. चिमाजी पोचला तेव्हा मानसिंग उंबऱ्यावर बसला होता. तो उठला नाही. "आई म्हनली लगीन कर, म्या केलं," एवढंच तो म्हणाला. कुणी त्याला काही विचारलंही नव्हतं.

ठकुबाईनं नवऱ्याशी बोलणं टाकलं. भाकरी वेळेवर मिळे. शब्द मिळत नसे.

वर्षानं केशवरावांचं पत्र आलं. नव्या बोलपटात म्हाताऱ्या शेतकरी बापाचं काम होतं. चिमाजी गेला. घरात बसवत नव्हतं, म्हणून गेला, असं तो पुढं सांगे; पण कामाचं नाव ऐकताच त्याचे पाय हलके झाले होते, हेही तो सांगे. तापानं गेलेल्या लेकीच्या उशाशी बाप बसतो, असा प्रसंग होता. लिहिलेली वाक्यं चार होती. चिमाजीनं हात उचलले नाहीत, भुवया चढवल्या नाहीत. पोरीच्या कपाळावरची बट मागं सारली आणि तो म्हणाला, "न्हाई. माझी बाय न्हाई." पुढची तीन वाक्यं त्यानं म्हटलीच नाहीत. केशवरावांनी दुसऱ्यांदा चित्रण घेतलं नाही.

त्या एका 'न्हाई'नं मास्टर चिमाजी पुन्हा उभा राहिला. वर्तमानपत्रांनी लिहिलं, असा बाप पडद्यावर झाला नाही. पुण्या-मुंबईतून पत्रं आली. पाठोपाठ तीन बोलपटांत त्याला बापाचीच कामं मिळाली. सीतेच्या काळातही न मिळालेली कीर्ती चव्वेचाळिसाव्या वर्षी घरी चालत आली आणि रोज तिच्या तोंडाकडं बघताना त्याला बनाचं तोंड दिसू लागलं.

१९४१ च्या हिवाळ्यात तो 'न्हाई'चा बोलपट भोरला तंबूत लागला. गावच्या मंडळींनी सत्कार ठरवला. ठकुबाईनं नवऱ्याचा एकही चित्रपट कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी ती आपणहून गाडीत बसली आणि तंबूत बायकांची बाजू वेगळी करणाऱ्या दोरीजवळ जाऊन टेकली.

खेळ संपला. निम्मा तंबू रडत होता. शाल आली, नारळ आला, भाषणं झाली. मग चिमाजी उभा राहिला.

"तुमी रडलात," तो म्हणाला, "त्या बापाला बघून. त्यो बाप तसा न्हाई. माजी लेक बना माज्यापरीस चांगलं काम करायची. एक वाक्य बोलली आन् माज्या पोटात आग पडली. सवत सवतीवर जळती, तसा म्या माज्या पोरीवर जळलो. बाराव्या वरसाला तिला उजवली. धरमासाठी न्हाई, अब्रूसाठी न्हाई. माज्या डोळ्यांम्होरनं ती जावी म्हून. चौदाव्या वरसाला ती गेली."

मग पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं "वाहवा!" म्हणून टाळी वाजवली आणि पाठोपाठ साऱ्या तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, मास्टरांनी आपल्यासाठी आणखी एक प्रवेश करून दाखवला.

चिमाजी दोन्ही हात हलवून "नगा, नगा," म्हणत होता. तेही लोकांना अभिनयच वाटलं.

तेव्हा दोरीजवळून ठकुबाई उठली. लोकांत कधी तोंड न उघडलेली बाई. तिचा आवाज फाटला, पण पोचला.

"टाळ्या वाजवू नगासा! ह्ये सोंग न्हाई. मेली ती माजी पोरगी हुती. म्याबी तिच्या लग्नाची डाळ निवडली हाये. तुमीबी निवडता."

टाळ्या थांबल्या. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दाबला. तो मघाच्या रडण्यासारखा नव्हता. चिमाजीनं खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"ह्या सालात ज्यांनी धा-बारा वरसांच्या पोरीचं ठरवलं आसंल," तो म्हणाला, "त्यांच्या मांडवात आमी दोघं येनार. जेवाय न्हाई."

गाडी मार्गासनीच्या वाटेला लागली, तेव्हा तीन वर्षांनी ठकुबाई नवऱ्याशी बोलली. "पैल्यांदा वेल्ह्याला जाऊ. तितल्या एका पोरीचं माघात धरलंय, आसं बाया म्हनत हुत्या."

वेल्ह्याच्या मांडवातून त्यांना हाकलून दिलं. दुसऱ्या एका गावी दगड आला आणि चिमाजीची भुवई फुटली. त्याच आठवड्यात कंपनीचं नव्या कामाचं पत्र आलं होतं. भुवई भरेपर्यंत थांबणं कंपनीला शक्य नव्हतं आणि ते काम दुसऱ्या नटाला गेलं. त्या नटाचं नाव ऐकून चिमाजी जळला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. जळला. त्यानं ते ठकुबाईला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "जळू द्या. तुमी बसा गाडीत."

तिसऱ्या ठिकाणी, नदीकाठच्या एका वाडीत, नवरीच्या आजीनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला हाक मारून सुपारी परत पाठवायला लावली. सबंध मोसमात एवढं एकच लग्न थांबलं. ती मुलगी अकरा वर्षांची होती. वाचकहो, बाकीच्या मांडवांत त्या साली पंगती उठल्या आणि आपल्यापैकीच कुणीतरी तिथं जेवून, पोरीच्या हातावर आहेर ठेवून, समाधानानं घरी आलं.

पुढच्या फाल्गुनात कुणीतरी सांगत आलं, की घाटाखालच्या गावात एका सावकाराच्या घरी परवा लग्न आहे आणि नवरी दहा वर्षांची आहे. सावकाराकडं गडीमाणसं पुष्कळ होती, काठ्याही होत्या. चिमाजी जरा वेळ भुवईवरच्या वणावरून बोट फिरवीत बसून राहिला.

ठकुबाईनं भाकरी बांधून घेतली होती. "उठा," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत निघाय पायजे. एकदा हळद लागली, म्हंजी कोन ऐकत न्हाई."