एका वाघळावरून काय कळणार!

मी वटवाघूळ बोलतेय. उलटी लटकून बोलते, म्हणून माझं बोलणंही उलटं असेल असं समजू नका. सरळ उभी राहणारी माणसं कशी आणि किती सरळ बोलतात, ते मी आयुष्यभर वरून ऐकत आलेय.

क्वीन्सलँडच्या किनाऱ्याला टूमरी नावाचं गाव आहे. गावाला खेटून ओढा, ओढ्याकाठी कागदासारख्या सालीची उंच झाडं, आणि त्या झाडांवर आमची वस्ती. गाव वसायच्या आधीपासूनची. तरी उपरे आम्हीच.

माझा जन्म तिथलाच. आईच्या पंखांच्या झोळीत मी वाढले. पंख फुटल्यावर आंब्याच्या बागा पाहिल्या, आणि बागवाल्यांच्या बंदुकाही. माझी मावशी एका पाडाच्या आंब्यापायी गेली. त्या काळी आम्ही ‘उपद्रवी प्राणी’ होतो. शिवी होती, पण तिच्यात लबाडी नव्हती. आवडत नाही, म्हणून मारतो. संपलं.

पुढे आमची बढती झाली. आम्ही ‘सेवा’ करू लागलो.

ही बातमी आणली डॉ. इमोजेन प्रॅट नावाच्या बाईने. दक्षिणेकडच्या कुठल्याशा विद्यापीठातून ती आली. ओढ्यावर जाळं लावलं आणि त्यात नेमकी मी अडकले. तिने मला फडक्यात गुंडाळलं, गळ्यात पट्टा बांधला आणि शेजारी कंदील धरून उभ्या असलेल्या ग्लेनिसला म्हणाली, “ही साधीसुधी नाही हं. ही सेवा पुरवते. फुलांचे पराग नेते, जंगलात बिया पेरते. माणसाची केवढी कामं फुकटात करते!”

ग्लेनिस ही गावातली म्हातारी. पडलेली, जखमी वाघळं घरी नेऊन दूध पाजणारी. गाव तिला ‘वाघळीण’ म्हणायचं. ती म्हणाली, “तिला विचारलंस का पण? तिला वाटत असेल, आपण जेवतोय.”

बरोबर बोलली. मी फळ खाते, पोट भरतं, पोट हलकं होतं. त्यातून रान उगवतं, ते रानाचं नशीब. माणसाची सेवा करायला मी का त्याच्या घरची मोलकरीण आहे? पण जगात जे जे आहे ते आपल्याचसाठी राबतंय, अशी या जातीची ठाम समजूत आहे. समजूत शास्त्रशुद्ध दिसावी म्हणून त्यांनी तिला नावही दिलंय, परिसंस्था-सेवा.

तरी सांगते, त्या वर्षी इमोजेन मला आवडली होती. ती चिखलात बसायची, डास मारायची, आमच्याकडे टक लावून पाहायची. आम्ही पिल्लाला पोटाशी घेऊन उडतो. मग ते जड झालं की फांदीवर ठेवून चरायला जातो आणि परत येऊन आवाजावरून ओळखतो. हे सगळं तिने पाहिलं. ग्लेनिसच्या अंगणात चहा पीत ती म्हणाली होती, “नाताळात ही पिल्लं नुसती लटकलेली असतात. ना आईला उचलवत, ना त्यांना उडता येत. तेव्हा कुणी यांना हुसकावलं तर सगळी मरतील गं.”

पुढच्या वर्षी ती आली ती जाळ्याशिवाय. आमच्याच झाडाखाली उभी राहून फोनवर कुणाशी तरी बोलत होती. “हो सर. नाही सर, एका गावातलं काम आता कोण छापतं? कळलं. वाघळं नकोत, वाघळांवरचे लेख मोजायचे. कुठल्या देशात किती, कुठल्या साली किती. जागतिक कल. हो, नकाशा करते.”

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. माझे कान तसे तिखट आहेत. पण नाही. आता ती आम्हाला पाहणार नव्हती, आमच्याकडे पाहणाऱ्यांना पाहणार होती. उद्या तिला पाहणारा कुणी निघेल, आणि त्याच्या मागे आणखी कुणी. सगळे एकमेकांच्या पाठी मोजत बसतील.

इकडे ओढ्यापलीकडे डेस ब्रॅनिगनचा कॅरव्हान पार्क होता, चाकांवरची घरं घेऊन सुट्टीला येणाऱ्यांचा तळ. “कसले पाहुणे टिकणार इथे?” तो बोंबलायचा. “वर कलकलाट, खाली घाण! माझ्या पार्काची मुतारी केलीय या काळतोंड्यांनी!” त्याने गाव गोळा केलं, सह्या गोळा केल्या. शेवटी नगर परिषदेने ओढ्याकाठच्या उघड्या मंडपात सभा बोलावली. तज्ज्ञ म्हणून इमोजेनला बोलावलं. माझं पिल्लू तेव्हा माझ्या शेजारी लटकलेलं होतं, नाताळ जवळ आला होता, आणि मंडप बरोबर आमच्या खाली होता.

अध्यक्ष रॉवीना होल्ट बाई तशी वाईट नव्हती. ती म्हणाली, “डॉक्टर, मला एवढंच सांगा. आत्ता हुसकावलं तर पिल्लं मरतील का? तुम्ही हो म्हणालात तर आम्ही पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत थांबतो. डेस, तुझीही हरकत नाही ना?”

“मी काय राक्षस आहे?” डेस गुरगुरला. “शिकलेल्या बाईने सांगितलं तर थांबेन.”

एका ‘हो’चं काम होतं. इमोजेनने पडद्यावर जगाचा नकाशा लावला. कुठे गडद, कुठे फिका. “या विषयावरचं संशोधन झपाट्याने वाढतंय,” ती सांगू लागली. “युरोप पाहा, चीन पाहा. आपला भाग मात्र इथे जवळजवळ पांढरा आहे. म्हणजे, पुरावा अपुरा आहे.”

“अहो, पिल्लांचं काय?” रॉवीनाने विचारलं.

“जागतिक पातळीवर त्याबद्दल ठाम विधान करता येत नाही. अधिक संशोधनाची गरज आहे.”

ग्लेनिस ताडकन उठली. “अगं, जग घाल चुलीत! तू स्वतः पाहिलंस ना? माझ्या अंगणात बसून सांगितलंस ना मला?”

इमोजेनचा चेहरा लाल झाला. “ते एकाच ठिकाणचं निरीक्षण होतं, ग्लेनिस. पट्टाही एकालाच होता. एका वाघळावरून निष्कर्ष काढता येत नाही. मी असं बोलले तर माझे लोक मला हसतील.”

ते एक वाघूळ तिच्या डोक्यावर लटकून ऐकत होतं.

“म्हणजे नाहीच म्हणायचं,” डेस म्हणाला. “एवढं शिकून कळलं काय, तर कळत नाही!” मंडप हसला. आम्हाला हुसकावण्यासाठी हात वर झाले. इमोजेनने पडद्यावरचा नकाशा बंद केला आणि ती विमान गाठायला गेली. परदेशात कुठेतरी तोच नकाशा दाखवायचा होता म्हणे.

सोमवारी पहाटे आम्ही चरून परत येत होतो, तेव्हा झाडाखाली पत्र्याचे डबे वाजायला लागले. कर्णे, धूर, पाण्याचे फवारे. मी धुरातून शिरले, पिल्लाला पोटाशी ओढलं. फांदी सुटली, पण उडवेना. ओझ्याने आम्ही दोघं खाली जाऊ लागलो. मी त्याला खालच्या फांदीला कसंबसं लटकवलं आणि कर्णा अंगावर आला तशी उडाले. त्याची हाक मला ओढ्याच्या वळणापर्यंत ऐकू आली.

संध्याकाळी परतले तेव्हा फांदी रिकामी होती.

ग्लेनिसने दिवसभर कपड्यांच्या टोपल्या भरभरून पिल्लं वेचली होती. तिच्या ओसरीबाहेरच्या तारेला मी लटकले आणि आतला एकेक आवाज ऐकला. काही आयांना आपापलं पिल्लू सापडलं. तारेजवळ येऊन ग्लेनिस मला हळूच म्हणाली, “तुझं नाही का गं यात? मला जेवढी सापडली तेवढी आणली बाई.” तिच्या हाताला ओरखडे होते. माझं त्यात नव्हतं.

आम्ही गेलो कुठे म्हणता? झाडं होती तिथे. अर्धी वस्ती शाळेच्या अंगणात, अर्धी थेट डेसच्या पार्कात, त्याच्या घरावर वाकलेल्या उंबरावर. डेस आता डबे वाजवत नाही. तो नुसता ओसरीवर बसून शिव्या देतो, आणि एका शिवीत आम्ही, दुसरीत नगर परिषद असते.

इतक्या वर्षांनी इमोजेन मागच्या महिन्यात आली होती. तिच्या नकाशाचं जगभर नाव झालं म्हणे. पुस्तकावर छापायला तिला आमच्यासोबत फोटो हवा होता. ग्लेनिसने तिला उंबराखाली गाठलं.

“तेव्हा का नाही बोललीस?”

“माझ्याकडे आकडे नव्हते, ग्लेनिस.”

“डोळे होते ना?”

इमोजेन मान वर करून आमच्याकडे बघत राहिली. माझा पट्टा कधीच गळून पडलाय, त्यामुळे शंभरात मी कोण हे तिला कळणार नव्हतं. मला मात्र ती नीट दिसत होती. केस पिकलेत. पापण्या ओल्या होत्या. मला दया आली असती, तर ते माझ्या सेवेत धरलं गेलं असतं, म्हणून येऊ दिली नाही.

आता माझ्या पंखाला भोकं पडलीत, दात झिजलेत. तुमच्या विद्वानांनी आम्हाला मोजावं, मोजणाऱ्यांना मोजावं, नकाशे हवे तेवढे रंगवावेत. माझं काही म्हणणं नाही. आमच्या झाडाला हात लावू नका, आणि पिल्लं फांदीवर असतील तेव्हा डबे घरीच ठेवा. एवढंच मागणं.

दिवस मावळला. आम्ही सगळ्या आता एकदम उडू. पाहायला हौसेने जमत असाल तर एक सांगते, वरून काय पडेल नेम नाही, मान वर केलीत की तोंड मिटून ठेवा. तेवढं तुम्हाला छान जमतं.