सारसांच्या बांधीचा धुरा

धुरा म्हणजे काय, हे शहरातल्या मित्रांना सांगावं लागेल. आमच्या गोंदियाकडच्या पोरांना नाही, ती माझ्याच पाठीवरून धावत शाळेत जातात. धानाच्या दोन बांध्यांमध्ये, म्हणजे भाताच्या दोन खाचरांमध्ये, पाणी अडवणारा जो मातीचा बुटका बांध असतो ना, तोच मी. वय झालंय माझं. अंगावर गवत, पोटात खेकड्यांची बिळं आणि मधोमध एक जखम. त्या जखमेचीच गोष्ट सांगायची आहे. पण मित्रांनो, मला म्हाताऱ्यांची खोड आहे. मी सुरुवातीपासूनच सांगणार.

सौंदडच्या पलीकडे, तलावाच्या खालच्या अंगाला रामलाल नावाच्या शेतकऱ्याने मला उभं केलं. फावड्याने चिखल ओढायचा, पायाने दाबायचा, पुन्हा ओढायचा. पुढे त्याचा मुलगा श्यामलाल आणि सून वच्छलाबाई माझी डागडुजी करू लागले. माझं काम एकच, पाणी धरणं. पाठीवर तूर लावत, तिचं ओझं मला कधी वाटलं नाही. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या बाया माझ्यावर बसून शिदोरी सोडत आणि सासवांच्या चहाड्या करत. काय काय ऐकलंय मी! पण मला तोंड नाही, त्यामुळे सगळ्यांची अब्रू वाचली.

आणि सारस यायचे. माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, लालभडक डोकं. कायम जोडीनं. पूर्वी आमच्या शिवारात त्यांच्या कितीतरी जोड्या होत्या. मग तलावाचा काठ नांगरला गेला, विजेच्या तारा आल्या, फवारणी वाढली. शेवटी आमच्याकडे एकच जोडी उरली आणि तीही कित्येक वर्षं अंडी घालत नव्हती.

एका पावसाळ्यात ऐन रोवणीत ही जोडी आमच्या बांधीच्या कोपऱ्यात गवत ओढू लागली. वच्छलाबाईने बायांना हात केला. "थो कोपरा सोडा. तिथं नोका रोवू."

शेजारचा दुलीचंद माझ्यावर उभा राहून हसला. "काऊन वो वहिनी, पाखराईले बटईनं देल्ली का बांधी?"

"हव, देल्ली. तुमाले कायले पोटात दुखून राहिलं?"

थोड्याच दिवसांत तिथे घरटं झालं आणि घरट्यात दोन अंडी. कोहमाऱ्याला मोबाइलचं दुकान चालवणारा गावचा गजेंद्र धावत आला. "काकू, दो-दो अंडे! आता गावाचं नाव होऊन राहिलं पाहा!" त्याने पोरांना जमवून सारस राखण्याची मंडळी काढली. माझ्या टोकाला हिरवी पाटी लागली. फवारणी बंद झाली. दुलीचंदसुद्धा आपला ट्रॅक्टर लांबून नेऊ लागला. आणि माझे फोटो निघू लागले हो! जन्मात कुणी मला ढुंकून पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मी तेव्हा फार खूश होतो. वच्छलाबाई तर सकाळी चहा व्हायच्या आधी येऊन लांबून पाहून जायची. तिला लेकरू नव्हतं. त्या अंड्यांत काय आहे ते तिला आणि मलाच ठाऊक होतं.

पोळा झाला आणि पाऊस लागला तो थांबेचना. तलावाचा सांडवा वाहू लागला. बांधी काठोकाठ भरली, पाणी घरट्याला टेकलं. सारा गाव माझ्यावर येऊन उभा राहिला.

"काकू, पानी अंड्याईले लागून राहिलं!" गजेंद्र ओरडला.

आता मित्रांनो, आमच्या माणसांचं एक आहे. बांधीत पाणी जास्त झालं की धुरा फोडायचा. हे शिकावं लागत नाही, ते हाडातच असतं. पण धान वेगळं आणि घरटं वेगळं. नर सारस चोचीने गवत उपटत होता, मादी ते अंड्यांखाली सारत होती. पाणी चढेल तसं घरटं वर चढत होतं. अरे, पाहा ना जरा, मी मनात ओरडत होतो. त्यांचं ते करतायत! ते पाणीच त्यांचं कुंपण आहे!

"पाहून काय राहिले बे सारे?" वच्छलाबाई कडाडली. "फावडा आना!"

तिने स्वतः घाव घातला. माझ्या पोटातून पाणी धो धो सुटलं आणि दुलीचंदच्या बांधीत गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वच्छलाबाई रडत हसत होती. तिचा राग कसा करू मी? नाही करता आला.

सकाळपर्यंत बांधीत नुसता चिखल उरला. लोक पाहायला आले आणि त्यांच्या मागोमाग गावची कुत्री आली. एवढी गर्दी जवळ पाहून जोडी घरट्यावरून उठली. कुत्री चिखलातून सरळ चालत गेली. काल आली असती तर पाण्यात पोहून दमली असती. नराने पंख पसरले, झडप घातली, पण कुत्री चार बाजूंनी होती. लोक दगड घेऊन धावले तोवर एक अंडं फुटलं होतं आणि दुसरं कुत्र्याच्या तोंडात होतं.

वच्छलाबाई माझ्या फुटलेल्या पोटाशी बसली. "माह्याच हातानं," एवढंच म्हणाली. श्यामलाल तिला उठवू लागला, ती उठेना.

जोडी काही दिवस रिकाम्या घरट्याजवळ उभी राहिली. मग उडाली. परत आली नाही.

गजेंद्रची मंडळी मोडली. पाटीला आता बकऱ्या अंग घासतात. वच्छलाबाईने मला बुजवलं, पण ती जागा पहिल्यासारखी घट्ट बसली नाही. दर पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपतं आणि ती दर वर्षी येऊन चिखल दाबते.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणाला वाचवायला धावाल. चांगलंच आहे ते. पण फावडं उचलण्याआधी जरा लांब उभे राहा. तो जीव स्वतःसाठी काय करतोय ते आधी पाहा, आणि गर्दी करू नका. हे सांगून आमचे सारस येणार नाहीत. मला तशी आशा नाही.

यंदाच्या रोवणीतही वच्छलाबाईने बायांना हात केला. "थो कोपरा सोडा."

"कोनासाठी वो काकू?" एका नव्या बाईने विचारलं.

दुलीचंद माझ्यावरच उभा होता. या वेळी तो हसला नाही. वच्छलाबाईने खाली वाकून माझी जखम चाचपली, मूठभर चिखल दाबला आणि ती पुढच्या ओळीला लागली. कोपऱ्यात आता नुसतं पाणी आहे. मी ते धरून ठेवलंय.