दांडीची उंची

मी उजव्या हाताने दांडीवर कोट टांगला, त्या दिवशी दुकानात टाळ्या वाजल्या. वाजवणारी माणसं तीनच. माझी बायको, थोरली मुलगी आणि काजं-बटणं करणारा म्हातारा, ज्याला सगळे मामा म्हणतात. पण मला तेवढ्यानेही भरून आलं.

वर्षापूर्वी माझ्या जिभेच्या कडेला गाठ निघाली, कॅन्सरची. डॉक्टरांनी ती काढली, मानेच्या उजव्या बाजूच्या गाठीही काढल्या आणि मग सहा आठवडे रेडिएशन दिलं. जीव वाचला. घरी आलो तेव्हा उजवा खांदा खाली उतरला होता आणि हात छातीच्या वर जात नव्हता. शर्ट चढवायलाही बायकोला हाक मारावी लागे. मला वाटलं, अशक्तपणा आहे, जाईल. चाळीस वर्षं ज्या हाताने कात्री चालवली, तो हात असा किती दिवस रुसून बसेल?

तेव्हापासून कापड कापायचं काम मुलीकडे गेलं. ती कापते चांगलं, पण टेबल माझं. मी तिला बजावून ठेवलं होतं, "माझ्या या हाताने दांडीवर कोट जाईल, त्या दिवशी मोठी कात्री मला परत द्यायची."

"दिली, अप्पा," ती म्हणायची. "आधी व्यायाम करा."

व्यायामाची काठी मी दोनदा कोपऱ्यात भिरकावली होती. हात वर जातच नाही, तर रोज स्वतःची फजिती कशाला करून घ्यायची? पण एक दिवस हँगरचा आकडा दांडीला नुसता टेकला. पुढच्या महिन्यात रिकामा हँगर अडकला. त्याच्या पुढच्या महिन्यात जाकिटासकट अडकला. मग कुठली काठी सुटते! सकाळ-संध्याकाळ भिंतीशी उभं राहून घाम निघेपर्यंत हात हलवायचा. दुखायचं तेव्हा ओठ दाबून धरायचा.

आणि त्या दिवशी कोट गेला. साधा नाही, थंडीचा, जाड, गुडघ्याच्या खाली चार बोटं येईल असा लांब. गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याचा. तो माणूस आमच्या दारातून वाकून आत येतो.

"आता अप्पांना छत रंगवायला लावा," मामा म्हणाले.

"त्याआधी त्यांचा शर्ट त्यांना घालू दे," बायको म्हणाली. "जीभ कापली तरी बढाया काही कमी झाल्या नाहीत."

मुलीने मोठी कात्री आणून माझ्यापुढे ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही. टेबल सोडायचं तिच्या जिवावर आलं असणार, असं मला वाटलं. असल्या आणखी पंधरा कोटांची ऑर्डर होती. म्हटलं, उद्या सकाळी पहिला कोट मीच कापणार.

मग माझं लक्ष खाली गेलं. दांडीखाली आमची कापडाची लाकडी पेटी असते. कोटाची कड त्या पेटीच्या झाकणावर लोळत होती.

"हे काय कापलंस?" मी मुलीवर खेकसलो. "वही उघडून बघत जा की जरा. लांबी जास्त झाली."

तिचा चेहरा उतरला. "राहू द्या अप्पा, मी बघते नंतर."

"नंतर कशाला?" टेप गळ्यातच होती. कॉलरपासून कडेपर्यंत लावली. अठ्ठेचाळीस. वहीत पाहिलं. अठ्ठेचाळीस. परत लावली. तेवढीच.

कोट बरोबर होता. पेटी तीच जुनी, तिला काही पाय फुटले नव्हते. राहिली दांडी. ती मीच ठोकलेली, दुकान उघडलं त्या दिवशी, बरोबर बहात्तर इंचांवर. लांबात लांब कोट पेटीला टेकू नये म्हणून.

मी टेप भिंतीला लावली. टेप साठ इंचांची. संपली तिथे खडूने रेघ ओढली आणि तिथून पुढे मोजलं. चारच इंच निघाले. चौसष्ट.

ऑपरेशनपासून मान ताठ झाली आहे, वर बघायला जमत नाही. म्हणून स्टूल ओढलं आणि त्यावर चढलो. बायको "अहो, पडाल!" म्हणत धावली. मी ऐकलं नाही. मामा गेले काही महिने त्या भिंतीला अधूनमधून रंगाचा हात मारत होते, काळवंडते म्हणून. त्या रंगावरून मी बोटं फिरवली. दांडीच्या वर, दोन्ही टोकांना, बोटाला बुजवलेलं भोक लागलं. दोन इंच वर आणखी एक जोडी. त्याच्या वर आणखी. सगळ्यात वरची माझी, बहात्तरवरची.

चार जोड्या. आकडा टेकला तो महिना, रिकामा हँगर अडकला तो महिना, जाकिटाचा महिना, आणि आजचा दिवस.

"कोणी?" मी विचारलं.

मामा सुईत दोरा ओवायला लागले. त्या सुईत दोरा आधीच होता.

"मी," मुलगी म्हणाली.

मी बायकोकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"मी शिडी धरली होती," ती म्हणाली.

स्टुलावरून कसा उतरलो ते आठवत नाही. मुलगी भराभर बोलत होती. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यातच डॉक्टरांनी या दोघींना सांगितलं होतं. खांदा उचलणारी नस गाठींना चिकटली होती, ती गाठींबरोबर काढावी लागली. ती परत येत नाही. पण हात हलता ठेवला नाही, तर खांदा दगडासारखा धरेल आणि जन्मभर ठणकेल. "आणि तुम्ही तर काठी फेकून दिली होती, अप्पा. काय करणार होतो आम्ही?"

"म्हणजे माझा हात वर जातच नव्हता?"

"थोडा गेला. खरंच थोडा गेला. बाकी दांडी खाली आली."

मी टेबलाचा काठ धरला. कात्री समोर पडली होती. चाळीस वर्षं लोकांचे उतरलेले खांदे मी नजरेने ओळखत आलो. आणि आठ इंच माझ्या डोळ्यांसमोरून गेले, टेप गळ्यात असताना.

"उद्या मला कापू दिलं असतंस?"

तिने कात्री उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

"बोल."

"दिलं असतं."

"आणि हात ओढून रेघ चुकली असती तर? पंधरा कोटांचं कापड आहे."

"तुम्ही जेवायला गेलात की मी सारखं केलं असतं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

हे मला दांडीपेक्षा जास्त लागलं. दांडी निदान भिंतीवर होती, मोजता येत होती. हे मला कधीच कळलं नसतं. मी रोज कापत राहिलो असतो, रोज शाबासकी घेत राहिलो असतो, आणि माझ्या पाठीमागे ही पोर माझं काम उसवून पुन्हा करत बसली असती.

बायकोने पाण्याचा पेला आणून ठेवला. मी त्याला हात लावला नाही.

मग मी मापाची वही ओढली. कोरं पान काढलं आणि पेन्सिल हातात घेतली. आमच्याकडे एकजण माप सांगतो, दुसरा लिहितो.

"टेप घे," मी मुलीला म्हणालो.

"कशाला?"

"गिऱ्हाईक आलंय असं समज. हात बाजूने वर करतो. बोटांच्या टोकापासून जमिनीपर्यंत घे."

पेन्सिल डाव्या हातात घेऊन मी भिंतीशी उभा राहिलो, दांडीशी करायचो तशी पाठ न वाकवता, अंग न झुकवता, आणि हात उचलला. जिथे थांबला तिथे थांबू दिला. ती खाली बसली, टेपचं टोक पायाने जमिनीवर दाबलं आणि वर खेचत आणली.

"चोपन्न," ती म्हणाली.

टेप तिच्या बोटांत सैल झोल खात होती. मी बघत होतो.

"ताणून धर," मी म्हणालो. "माप घ्यायला मी शिकवलंय तुला."

तिने नाक पुसलं. टेप ताणली. तिचा आवाज इतका बारीक निघाला, की मामांनी मान वर केली.

"पन्नास."

मी हात खाली घेतला, टेबलाशी गेलो, आणि पन्नास लिहिले.