गच्चीवरचं काम

शीतलच्या काटकसरीचं एरंडोलात नाव होतं, आणि ते तिनं स्वतःच केलं होतं. टूथपेस्टची नळी ती पोळपाटावर ठेवून लाटण्यानं लाटायची, भाजी धुतलेल्या पाण्यावर तुळस जगवायची, लिंबाच्या सालींनी पितळी भांडी लख्ख करायची. इथवर कुणाची काही तक्रार नव्हती. पण गल्लीत कुणाच्याही घरी गेली की तिची नजर आधी चालू पंख्याकडे जायची आणि मग त्याखाली माणूस बसलंय की नाही याकडे. तिचा नवरा धर्मेंद्र पतसंस्थेत कारकून होता. बायकोचं त्याला इतकं कौतुक, की तिनं वाचवलेल्या साबणाच्या चिपट्याही तो पाहुण्यांना दाखवायचा.

त्या वर्षी धुळ्याच्या मंगल कार्यालयात समाजाचा महिला मेळावा भरला, आणि रांगोळी, उखाणे या नेहमीच्या स्पर्धांबरोबर 'काटकसरीच्या युक्त्या' अशी नवी स्पर्धा ठेवली गेली. धुळं शीतलचं माहेर. माहेरच्या बायकांपुढं चमकायची संधी कोण सोडतं? ती आठ दिवस तयारी करत होती. धर्मेंद्र रजा काढून, फोन चार्ज करून सोबत आला.

पण झालं भलतंच. साक्रीची एक बाई उठली आणि तिनं लिंबाच्या साली सांगून टाकल्या. दोंडाईचाच्या बाईनं डाळ भिजत घालून गॅस कसा वाचवायचा ते सांगितलं. तिसरीनं चक्क टूथपेस्ट लाटली. शीतलच्या पदरातल्या युक्त्या तिच्या डोळ्यांदेखत एकेक करून दुसऱ्याच बाया पळवत होत्या. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती रिकाम्या हातानं स्टेजवर चढली. समोर माहेरच्या ओळखीचे चेहरे, मागं फोन उंच धरलेला धर्मेंद्र. आणि मग, जी युक्ती तिनं आजवर नवऱ्यालाही सांगितली नव्हती, ती तिच्या तोंडून बाहेर पडली.

ही युक्ती कळायला पापडाचा दिवस कळायला हवा. होळी झाली की शीतलच्या गल्लीत एकेका घरी उडदाच्या पापडांची पाळी लागते. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. सगळ्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन येतात आणि दुपार कलेपर्यंत त्या घरचं वर्षाचं काम उरकून देतात. मजुरी वगैरे भानगड नाही. मध्ये परातीत पिठाच्या लाट्या असतात, शेजारी तेलाची वाटी असते. ज्या बाईला वाटेल तिनं लाटी उचलायची, तेलात बुडवायची आणि खायची. हसत, गप्पा मारत, हिंगाचा वास घेत. लाटी हाच काय तो मान.

"आमच्याकडे बायका पापड लाटायला येतात," शीतल माइकवर म्हणाली, "हातानं पापड लाटतात आणि तोंडानं लाट्या संपवतात. मी काय करते, तेलाची वाटी बाहेर आणतच नाही. 'आणते हं' म्हणायचं आणि आत जाऊन दुसरं काम काढायचं. तेलाशिवाय लाटी घशाखाली उतरत नाही. एक खाल्ली की दुसरीला हात लागत नाही."

सभागृह हसलं. ते हसू शीतलला चढलं. इथं थांबली असती तरी निभावलं असतं. पण लोक हसायला लागले की माणसाला भान राहत नाही. तिनं पदर कमरेला खोचला, पाठ वाकवली, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि आवाज बदलला.

"आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. त्यांचं चालूच. 'शीतल, यक लाटी दे व माय, मीठ दखू.' मीठ बघता बघता परात रिकामी. मग मी त्यांना म्हणते, अक्का, पापड वाळत घालावेत तर तुम्हीच, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. की चालल्या बिचाऱ्या खुशीत गच्चीवर. दिवसभर त्या वर, आणि लाट्या खाली सुखरूप."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिलं बक्षीस शीतलला मिळालं, एक झाकणाचा हॉटपॉट.

परतीच्या बसमध्ये पारोळा मागं पडलं तेव्हा धर्मेंद्र फोन बघून एकटाच हसत होता. "तुझा व्हिडिओ टाकला," तो म्हणाला. "खाली लिहिलंय, आपल्या गल्लीची शान."

"कुठं टाकला?"

"गल्लीच्या ग्रुपवर. दुसरीकडं कुठं?"

शीतलनं त्याच्या हातातून फोन ओढला तेव्हा तोही गडबडला, त्यानं फोन परत घेतला आणि घाईघाईत व्हिडिओ काढून टाकला. घरी आल्यावर कळलं, की त्यानं तो नेमका स्वतःपुरताच काढला होता. म्हणजे आता तो गल्लीत सगळ्यांना दिसत होता, फक्त धर्मेंद्रला दिसत नव्हता. एरवी त्या ग्रुपवर कुणी नुसतं शुभ सकाळ म्हटलं तरी अंगठ्यांचा पाऊस पडायचा. शीतलच्या बक्षिसाखाली कुणी एक अक्षर लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या हेमलतानं सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे शीतलनंच विचारलं, आणि हेमलतानं कपडे वाळत घालता घालता भिंतीवरून उत्तर दिलं.

"माझ्या ओट्यावर बसलो होतो सगळ्या. व्हिडिओ आला म्हटल्यावर लावला मोठ्यानं. आम्हाला काय माहीत काय आहे. सुगंधाअक्का पण तिथंच होत्या."

"मग?"

"तू त्यांची नक्कल केलीस तेव्हा त्या सगळ्यांच्या आधी हसल्या. म्हणाल्या, दख, हाई तर मीच शे." हेमलतानं चिमटा लावला. "गच्चीचं आलं तेव्हा उठून घरी गेल्या."

शीतल हातातली बादली तिथंच टाकून आत आली आणि स्वयंपाकघरात दार लोटून बसली. तिला लाज वाटत होती. अशी लाज, की आपलाच आवाज आपल्याला नकोसा व्हावा. धुळ्याहून लग्न होऊन आली तेव्हा तिला पापड लाटता येत नव्हता. तिचे पापड तिकोनी व्हायचे आणि बायका तोंडाला पदर लावायच्या. तेव्हा सुगंधाअक्कानं तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं, आणि आपले गोल पापड गुपचूप तिच्या ढिगात सरकवले होते. सासूला वाटलं, सून तयार झाली. हे आजवर अक्कानं कुणाला सांगितलं नव्हतं. आणि शीतलनं माइक हातात मिळताच अक्काच्या दोन घासांचा तमाशा मांडला.

माफी मागायला ती दोनदा निघाली. एकदा कोपऱ्यावरून परतली. दुसऱ्यांदा अक्का पिठाच्या गिरणीतच भेटली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, नेहमीसारखी. "जेवनी का व माय?" तिनं विचारलं. कडू बोलली असती तर शीतलनं पाय धरले असते. पण साध्या प्रश्नापुढं काय करायचं? "हो, जेवले," एवढं म्हणून ती दळण न घेताच घरी आली.

यंदा पहिली पाळी शीतलचीच होती. होळीच्या आधीच ठरलेलं, त्यामुळं मागं घेता येईना. डाळ दळून आली, पीठ भिजलं, धर्मेंद्रनं मुकाट्यानं ते कुटून दिलं. तो हल्ली घरात पायांचा आवाज न करता वावरायचा. शीतलला एकच घोर होता. उद्या बायका येतील का, आणि सुगंधाअक्का येईल का? नाही आल्या तर सगळ्या एरंडोलात होईल ती नाचक्की वेगळीच. पण अक्का आली नाही, तर पुन्हा त्या बाईच्या समोर उभं कसं राहायचं हे तिला कळत नव्हतं. पहाटे उठून तिनं तेलाची सगळ्यात मोठी वाटी काठोकाठ भरली आणि परातीशेजारी ठेवली.

बायका आल्या. सगळ्या आल्या, अगदी वेळेवर. पोळपाट-लाटणं घेऊन आल्या, आणि प्रत्येकीच्या हातात घरून आणलेली पाण्याची बाटली होती.

लाटणी फिरू लागली. गप्पाही चालू होत्या, पण आपापसांत. शीतल बोलली की उत्तर यायचं, पण त्यापुढं काही यायचं नाही. तिनं लाट्यांची परात हेमलतापुढं सरकवली.

"घ्या ना. तेल आहे."

"नको गं, आज चतुर्थी आहे."

कुंदाबाईची दाढ दुखत होती. मंदाबाईला पित्त झालं होतं, आणि तिच्या दोन्ही सुनांना तिच्यापाठोपाठ झालं. अख्ख्या गल्लीचं पोट एकाच सकाळी बिघडलं होतं. पापड मात्र असे उतरत होते, पातळ आणि चंद्रासारखे गोल, की शीतलनं असे पापड कधी पाहिले नव्हते. परातीतल्या लाट्यांवर कोरडी साय धरली. "अहो, मी ते स्टेजवर बोलायचं म्हणून बोलले," ती न राहवून म्हणाली.

"छान बोललीस की," हेमलता पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली. "बक्षीस मिळालं ना?"

सुगंधाअक्का सगळ्यात शेवटी आली. दाराशी चपला काढल्या, आत आली, कुणाशेजारी बसली नाही. लाटून झालेल्या पापडांची टोपली उचलून कमरेवर घेतली.

"अक्का, तुम्ही इथं बसा," शीतल धडपडत उठली. "खाली बसा. वरचं मी बघते."

"नही माय," अक्का म्हणाली. "मनं काम वर शे." आणि ती गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी जिना चढून गेली. खोलीतलं एकही लाटणं थांबलं नाही. थांबलं असतं तर बरं, असं शीतलला वाटलं.

दुपारी ऊन तापलं तशा बायका एकेक करून उठल्या. पापड सगळे झाले होते, लाट्यांची परात तशीच भरलेली होती. शीतलनं एका ताटलीत चार लाट्या घेतल्या, त्यांवर तेल सोडलं आणि जिना चढली. मधेच एका पायरीवर ती थांबली, कारण खाली उतरून दार लावून घ्यावं असं तिला फार वाटलं. पण ती वर गेली.

टाकीच्या सावलीत अक्का भिंतीला टेकून बसली होती. पदरानं तोंड पुसत होती.

"अक्का, माझं चुकलं," शीतल म्हणाली. "बोलण्याच्या भरात बोलून गेले."

"भरमा नही बोलनी तू," अक्का म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हिशोब सरळ करावा तसं ती बोलत होती. "तुना मनमा पहिलेपासून तेच व्हतं."

शीतलनं ताटली पुढं केली. अक्कानं ती घेतली आणि शेजारी ठेवली.

"लाट्या मी खाऊ, ते खरं शे. माले आवडतस. त्यानं काय वाईट वाटनं नही माले. बाया हसन्यात, मी बी हसनू." तिनं ताटली सावलीत सरकवली. "पन यक सांग. पापड वाळत टाकानं काम मी चांगलं करस का नही? माले वाटे, शीतल मना हात दखीसन माले वर धाडी देस. घरमा मी समदास्ले सांगू. बाकीन्या बाया पापड फेकतस, मी ठेवस. ते तरी खरं शे का, का ते बी असंच?"

शीतलच्या ओठांवर उत्तर तयार होतं. खूप छान करता, अक्का, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. शब्द अगदी जिभेवर आले, आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं, की हे तेच शब्द आहेत. दर वर्षी याच शब्दांनी तिनं या बाईला जिन्याकडं वळवलं होतं. आणि इतक्या वर्षांत पापडाच्या दिवशी ती स्वतः एकदाही वर आली नव्हती. संध्याकाळी टोपलीत रचलेले पापड खाली यायचे, ती ते मोजायची आणि डब्यात भरायची. ते कुणी कसे मांडले, कुणी उलटले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून कुणी काय केलं, हे बघायचं तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

अक्का तिच्या तोंडाकडं बघत होती. म्हातारीला खरं उत्तर हवं होतं.

"मला माहीत नाही, अक्का," ती म्हणाली. "मी कधी पाहिलंच नाही."

अक्कानं मान हलवली. मग गुडघ्यावर हात ठेवून ती उठली, पापडांखाली अंथरलेल्या जुन्या साडीच्या कडेला गेली आणि वाकून एक पापड उलटू लागली.

"मंग आते दख," ती म्हणाली.

गच्चीभर पापड पसरले होते. शीतलला त्यांच्याकडं बघवेना.