माशाच्या मेंदूतला पूल

मित्रांनो, स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. मी एक जुना झुलता पाट आहे. जेवायला बसायचा नव्हे. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या एका प्रयोगशाळेतला, मोटारीवर सतत हेलकावे खाणारा, ताटाएवढा पत्र्याचा पाट. प्रयोगशाळेच्या कारखान्यातल्या क्नोडलरकाकांनी मला भंगारातल्या मोटारीवर बसवले आणि तेव्हापासून मी डोलतो आहे.

माझ्यावर काचेच्या कुप्या ठेवत. त्यांत जिऱ्याहून बारीक असे माशांचे गर्भ असत आणि प्रतिपिंडाचे पाणी. हे प्रतिपिंड मेंदूतले मज्जातंतू तेवढे शोधून त्यांना चिकटते. मग त्यावर रंग चढवला, की तंतू तपकिरी दिसू लागतात. मी थांबलो तर गर्भ तळाशी बसायचे आणि रंग धड लागायचा नाही.

उत्तरेच्या किनाऱ्यावरून आलेली वीबके इथे संशोधन करत होती. तिला माशांचे एक घराणे सापडले होते. त्यातल्या काही गर्भांत मेंदूच्या दोन बाजू जोडणारा तंतूंचा पूल दिसतच नव्हता. वाढलेल्या गर्भांतही नाही. तिचे प्राध्यापक ओटमार यांनी ही गोष्ट परिषदांतून अभिमानाने सांगितली. त्यावरचा लेख शुक्रवारी एका नियतकालिकाकडे रवाना व्हायचा होता आणि वीबके माझ्याभोवती येरझारा घालत होती.

"अगं, आता काय राहिलं?" ओटमार म्हणाले. "पूल नाही म्हणजे नाही."

"गर्भ मोठे झाले की निरोगी भावंडांतही पूल पुसट दिसतोय, प्रोफेसर. असं का?"

"रंग कमी चढला असेल."

"तेच तर! कातडी जाड झाल्यावर प्रतिपिंड आत शिरतच नसेल तर? आपण बंद दाराबाहेरून हाका मारतोय आणि घरात कुणी नाही म्हणतोय."

"बाई, शुक्रवार तोंडावर आलाय."

"मग शुक्रवार रुसू दे."

कातडी सैल करायला तिने जास्त तीव्र पाचकरस वापरला. गर्भांचा लगदा झाला. ती स्टुलावर डोके धरून बसली. दुसऱ्या खेपेला पाचकरस बेताचा घेतला आणि प्रतिपिंडात मुरायला भरपूर वेळ दिला. माझा मोटारीवरचा पट्टा कुईकुई करू लागला. शेजारच्या टेबलावरून कुणी ओरडले, "त्या रडक्याला बंद कर गं!" तिने पट्टा पुसला, सांध्यात तेल सोडले, पण मला थांबू दिले नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

रंग चढल्यावर ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. बराच वेळ भिंग पुढेमागे करत राहिली.

"आहे," ती म्हणाली.

ओटमारांनी डोळा लावला. "वाकडा आहे. बारीक आहे..."

"पण आहे. हे मासे पूल बांधतात. उशिरा बांधतात."

"आणि मी गावोगाव सांगत सुटलो, बांधतच नाहीत म्हणून!" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तिला वाटले, आता ओरडतील. ते फोनकडे वळले आणि लेख येणार नाही, असे नियतकालिकाला कळवून टाकले. "आता उशीर का होतो ते शोध," ते म्हणाले. "नव्या लेखावर पहिलं नाव तुझं असेल."

पुढे वीबके ब्रेमेनला गेली. माझ्या जागी आवाज न करणारे यंत्र आले आणि मी कपाटावर चढलो. पट्टा वाळला आहे. खाली काचा किणकिणल्या, की अजून माझी घालमेल होते.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना अधूनमधून तेल घाला. आणि एखादी गोष्ट दिसली नाही, तर ती नाहीच असे ठरवण्यापूर्वी, तिच्यापर्यंत आपण पोचलो का, हे एकदा बघा.