शीलाच्या पानावर

लहान मुलांना औषध देताना मी कुणाचं ऐकत नसे, डॉक्टरांचंही नाही. वजन केल्याशिवाय डोस काढायचा नाही, हा माझा हट्ट. मागच्याच आठवड्यात केलं होतं की, असं कुणी म्हटलं तर मी म्हणायचे, मागच्या आठवड्यात पोर जेवत होतं, आता चार दिवस तापात आहे, चढवा काट्यावर. आयांना तर मी फार बोलायचे. कुणी घरातल्या चहाच्या चमच्यानं औषध मोजायची, कुणी थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला पाजून मोकळी व्हायची, कुणी मलेरियाची कडू गोळी शिऱ्यात लपवून द्यायची आणि मग ते पोर जन्मभर शिऱ्याला तोंड लावत नसे. औषधाला चॉकलेट म्हणणाऱ्या आईला मी दवाखान्याच्या पायरीवरच धरायचे. माझी जीभ तिखट आणि हात हलका, असं लोक म्हणत, आणि मला दोन्हीचा गर्व होता. त्या गर्वाचं काय झालं ते सांगते.

साल ब्याऐंशी. भिलाईतल्या पोलाद कारखान्याच्या कोणत्या दवाखान्यात मी नर्स होते ते सांगत नाही, तिथं आजही माणसं काम करतात. कारखान्यातल्या प्रत्येक नोकरदाराकडे औषधपाण्याचं एक हिरवं पुस्तक असे. त्यात बायको, मुलं, आईबाप, ज्याचं त्याचं वेगळं पान. पान असेल त्याला औषध. पण आपली नाती काही पुस्तकात मावणारी नव्हती. नागपूर-वर्ध्याकडून भाचा यायचा, पुतणी यायची, येताना ताप घेऊन यायची, आणि मग घरातल्या बरोबरीच्या मुलाच्या पानावर तिचं औषध लिहिलं जायचं. नाव विचारलं तर काय सांगायचं, हे घरूनच पढवून आणत. पकडलं गेलं तर चार्जशीट ठरलेली. तरी सगळे करत आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर कधीच कुणाला अडवलं नाही. माझ्या बहिणीच्या पोराचा खोकला मीच शेजाऱ्यांच्या मुलाच्या पानावर बरा केला होता. परमुलखात आपल्या माणसाला आपणच धरायचं, असं मी स्वतःला सांगत असे.

सेक्टर दोनमध्ये देवीदास नावाचा कारकून राहायचा. बायको कलावती, एकुलती मुलगी शीला, आठ वर्षांची. शीलाचे सांधे सुजून हृदयाच्या झडपेला इजा झाली होती, म्हणून मोठी होईपर्यंत दर एकवीस दिवसांनी तिला पेनिसिलिनची सुई घ्यायची होती. ती बुधवारी माझ्याकडे यायची. अंगानं भरलेली, बडबडी पोर. सुई टोचताना मोठ्यानं सातचा पाढा म्हणायची. तिच्या पानावर अकरा वेळा माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: पेनिसिलिन दिलं, त्रास नाही.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी कलावती दारात उभी राहिली. शीलाची सुई आठच दिवसांपूर्वी झाली होती. कलावतीच्या हातात पुस्तक होतं आणि बोटाला धरलेली एक वाळकी, सावळी पोरगी होती, कानात सुताचे दोरे, डोळे तापानं लाल. शीला नव्हे, हे मला पहिल्या नजरेत कळलं. मीच आपणहून विचारलं, काय झालं शीलाला? कलावतीचा जीव भांड्यात पडला. घसा दुखून राहिला म्हणाली, दोन दिवसांपासून पाणीही गिळत नाही.

मी पोरीला काट्यावर चढवलं. सतरा किलो. शीलाच्या पानावर मागच्या बुधवारचं वजन होतं चोवीस. आठ दिवसांत सात किलो उतरलेलं पोर डॉक्टरांना कसं दाखवणार? मी पुस्तकात चोवीसच लिहिलं आणि सतराचा आकडा तळहातावर पेनानं लिहून ठेवला. डोस सतरालाच काढायचा, हे मनाशी पक्कं. खोट्या पानावरही आपण खरं औषध देतो, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला, हे लपवत नाही.

डॉक्टर नवे होते, जबलपूरकडून बदलून आलेले. त्यांनी शीलाला कधी पाहिलेलं नव्हतं. घसा बघितला, पू होता. पेनिसिलिनची सुई लिहिली, पाच दिवस. सुई पहिल्यांदाच घेणाऱ्या मुलाला आधी कातडीखाली एक थेंब देऊन वीस मिनिटं बघायचं, हा नियम होता. डॉक्टरांनी पान उलटून पाहिलं.

"टेस्ट की ज़रूरत नहीं, सिस्टर. ग्यारह बार ले चुकी है."

मी तिथंच उभी राहिले. टेस्ट करते म्हटलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं, आणि कारण माझ्याजवळ एकच होतं. बाहेर तीस माणसांची रांग होती. मी पोरीला खोलीत नेलं, वाकून हळूच विचारलं.

"याआधी सुई घेतली होतीस का ग?"

तिनं कलावतीकडे पाहिलं. "हाव."

"मंग काई झालं होतं का तुले?"

"नाई."

दोन्ही उत्तरं एकाच सुरात आली. बोलताना तिचा उजवा हात डाव्या दंडावर गेला होता आणि ती तिथं खाजवत होती. मी ते पाहिलं. घाबरली असेल म्हटलं. मुलांशी मी कधी खोटं बोलत नसे, म्हणून तिलाही सांगितलं की दुखेल, पण दहा मोजेपर्यंतच. तिनं दहा मोजले. उकळून घेतलेली सुई मी दंडात दिली, ट्रेमध्ये ठेवली आणि हात धुवायला वळले.

मागून खोकला ऐकू आला. वळून पाहते तर ओठ जाड झालेले, गळ्यावर गांधी उठलेल्या, आणि पोर दोन्ही हातांनी फ्रॉकचा गळा ओढत होती. नाडी बोटाला लागेना. माझ्या तळहातावर सतरा लिहिलेलं होतं. सतराला लागेल तेवढंच, औषधाच्या अशा झटक्यावर द्यायचं अॅड्रेनालिन मी काढलं आणि दंडात दिलं. डॉक्टर धावत आले, प्राणवायू लावला, दुसरी सुई शिरेतून दिली. चौबीस किलो के हिसाब से कितना दिया, असं त्यांनी विचारलं तेव्हा दे दिया एवढंच मी म्हणाले. कलावती भिंतीला टेकून बसली होती. पोरीला ती शीला म्हणूनही हाक मारत नव्हती आणि खऱ्या नावानंही नाही.

अर्ध्या तासानं पोरीनं डोळे उघडले. डॉक्टर बाहेर गेले होते. मी तिचं तोंड पुसत होते, तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "गावी बी मले असंच झालं होतं."

"मंग सांगितलं कावून नाई, बाई?"

"मामी म्हणे, गावाचं नाव काढू नको."

मला एकदम रडू आलं. मी विचारलं, तुझं नाव काय? तिनं दाराकडे बघितलं, मामी आहे का म्हणून. "सांगू?" म्हणाली. मी मान हलवली. तिचं नाव अन्नपूर्णा. देवीदासच्या बहिणीची, गयाबाईची मुलगी, हिंगणघाटजवळच्या खेड्यातली, वय सात.

डॉक्टर आत आले, पुस्तक मागितलं आणि शीलाच्या पानावर आडवं, लाल शाईनं लिहिलं: पेनिसिलिन जिवाला धोक्याचं, कधीही देऊ नये. खाली सही केली, तारीख घातली. मी शेजारी उभी राहून बघत होते. जिला ती सुई दर एकवीस दिवसांनी हवी तिची ती बंद झाली होती, आणि जिला ती कधी द्यायची नाही तिच्या नावाचा कागदच जगात कुठं नव्हता. हे मला तेव्हाच, तिथंच कळलं. उशिरा कळलं असं मी आजही म्हणू शकत नाही.

संध्याकाळी देवीदास माझ्या क्वार्टरवर आला. वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या साड्यांवर कारखान्याची लाल धूळ बसली होती, ती मी झटकत होते. तो हात जोडून उभा राहिला. नोकरी जाईल म्हणाला, आणि मग खाली बघून, तुमचीही जाईल म्हणाला. अन्नपूर्णा रविवारी गावी जाणार, शीलाला डॉक्टर गोळ्या देतील, कुणाला काही कळणार नाही, असं सगळं त्यानं नीट मांडलं. मी हो म्हटलं. फक्त एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: अन्नपूर्णाला पेनिसिलिनची सुई देऊ नये, जीव जाईल. सवयीनं खाली सही केली. हा कागद गयाबाईच्या हातात द्या आणि तोंडानंही सांगा, असं दोनदा बजावलं. तो हाव म्हणाला.

त्यानंतरचे दिवस मी कामात काढले. पोरं काट्यावर चढवली, चमचे मोजले, आयांना बोलले. पण आधीसारखं बोलता येईना. एखादीला रागवायला तोंड उघडावं आणि त्या दोऱ्याच्या कानांची पोर आठवावी. कागद पोचला असेल, असं दिवसातून दहा वेळा मनात म्हणायचे. जाऊन विचारायला सेक्टर दोन काही लांब नव्हता. मी गेले नाही. मला भीती वाटत होती, आणि ती माझ्या नोकरीची होती.

दोन आठवड्यांनी बुधवारी शीलाची तारीख आली. कलावती तिला घेऊन आली. डॉक्टरांनी रांगेच्या घाईत पानावरून नजर न उचलता लाल शाई पाहिली, मान हलवली, रोज दोन वेळा घ्यायच्या गोळ्या लिहिल्या, वर्षानुवर्षांच्या. शीला खूश झाली, सुई टळली म्हणून. बाहेर आल्यावर कलावतीच हसत म्हणाली, गोळी दिली की ही गालात धरते आणि मोरीत थुंकून येते, काय करावं. मी विचारलं, कागद गयाबाईला दिला ना?

तिचं हसू गेलं.

"हाय माह्यापाशी. साखरेच्या डब्याखाली ठेवला."

"दिला कावून नाई?"

"त्यावर तुमची सही होती, सिस्टर. कोणाच्या हाती लागला असता तं? अन् नणंदबाई काय म्हणल्या असत्या, माह्या घरी पोरगी मराले टेकली होती म्हणून? पोरगी तं बरी होऊन गेली. मले वाटलं, कायले सांगाचं."

मला तिचा राग यायला हवा होता. पण ती जे बोलत होती ते सगळं मी चौदा दिवस माझ्याच मनात ऐकलं होतं. मी शीलाचा हात धरला आणि तिला परत डॉक्टरांपुढे नेलं. सांगितलं, ही शीला. त्या दिवशीची पोर शीला नव्हती. मला माहीत होतं, पहिल्यापासून माहीत होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. याचं काय होईल ते ठाऊक आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी लाल ओळ खोडली. शीलाला सुई मीच दिली, आणि ती सातचा पाढा म्हणत असताना माझा हात पहिल्यांदा जड झाला.

तिथून नर्सच्या कपड्यांतच मी पोस्टात गेले आणि तार केली. अन्नपूर्णास पेनिसिलिन सुई देऊ नका, जिवास धोका. तारबाबूनं ती दोनदा वाचून घेतली. गावात तारघर नाही, हिंगणघाटहून माणूस जाईल, उद्या पोचेल म्हणाला.

शनिवारी दुपारी देवीदास दवाखान्यात आला. रांगेत उभा राहिला नाही, सरळ माझ्या टेबलाशी आला आणि एक पोस्टकार्ड ठेवलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे मरणाचं पत्र तसंच पाठवतात, म्हणजे वाचणारा वाचायच्या आधी खाली बसतो. मी बसले. अक्षर अन्नपूर्णाच्या बापाचं, गुलाबरावांचं. पोरीला पुन्हा ताप आला, घसा धरला, बाजाराच्या गावी डॉक्टरकडे नेलं, त्यानं सुई दिली, बैलगाडीपर्यंतही आणता आली नाही. मामामामीनं इतक्या चांगल्या दवाखान्यात दाखवूनही पोरीच्या नशिबात नव्हतं, असं शेवटी लिहिलं होतं.

"सोमवारी झालं," देवीदास म्हणाला.

मी तोंड उघडलं ते बुधवारी.

चौकशी झाली. ज्या नोकऱ्यांना आम्ही एवढे भीत होतो त्या गेल्या नाहीत. देवीदासची आणि माझी एकेक वेतनवाढ दोन वर्षं थांबली, एवढंच. चौकशीचा फॉर्म मी भरला. रुग्णाचं नाव या रकान्यात लिहिलं: अन्नपूर्णा गुलाबराव. वय सात, वजन सतरा किलो. कारकुनानं पुस्तक तपासलं आणि म्हणाला, या नावाचं पान कुठंच नाही, खोडा आणि शीला लिहा. मी खोडलं नाही.